वाचनखूण आणि बाजार

(नभोवाणीवरील भाषण)

जुन्या घरांतील पोथी उघडली, तर तिच्या पानांमधून कांहींतरी घरंगळून पडतेंच. कधीं तें रेशमी दोऱ्याचें टोंक असतें, कधीं वाळून जाळी झालेलें पिंपळाचें पान, कधीं मोराच्या पिसाचा तुकडा, तर कधीं एखाद्या विसरलेल्या लग्नपत्रिकेची फाडलेली कड. ती वस्तु तेथें कोणीं ठेवली हें घरांतल्या कोणास सांगतां येत नाहीं. तथापि ज्या पानावर ती सांपडते, तें पान वाचल्यावांचून पोथी मिटविण्यास मन घेत नाहीं. कोणीतरी, केव्हांतरी, येथें थांबला होता. हें पान पुन्हां पाहावें असें त्याला वाटलें होतें. एवढी साक्ष ती खूण देते. त्या साक्षीसाठीं कोणीं कोणास पैसे दिलेले नसतात, आणि म्हणूनच तिच्यावर विश्वास बसतो.

हीच वाचनखूण गेल्या पंचवीस वर्षांत बाजारांत विकाऊ कशी झाली, हा या भाषणाचा विषय आहे. तो केवळ यंत्रविद्येच्या पंडितांचा विषय आहे असें मात्र कोणीं समजूं नये. पिंपरीच्या बाजारांतून निघून पवनेवरील पूल ओलांडला, म्हणजे काळेवाडी लागते. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघालें व त्यानंतर या सर्व टापूंत कारखान्यांची रांग लागली. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. आणि पुढें हिंजवडीस संगणकाचा व्यवसाय येऊन बसला. या सगळ्या उद्योगांत राबणाऱ्या माणसांना राहावयास जागा, जेवावयास डबा व मुलांना शिकवणी हवी. ती पुरविणाऱ्या वस्त्यांपैकीं काळेवाडी ही एक होय. येथें खानावळी आहेत, शिवणकामाचीं दुकानें आहेत, शिकवण्या आहेत, लोखंडी जाळ्या व दरवाजे बनविणारे फॅब्रिकेशनवाले आहेत. यांच्यापैकीं ज्यांनीं आंतरजालावर आपलें संकेतस्थळ उघडलें, त्यांना एखादे दिवशीं दूरध्वनि येतो: "तुमच्या संकेतस्थळाला पांचशें वाचनखुणा लावून देतों, शोधयंत्रांत तुमचें नांव पहिलें येईल." दुकानदाराला मोह पडतो. खुणा पांचशें, आणि त्या लावणारा खराखुरा वाचक मात्र एकहि नाहीं, हें त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

ही उलाढाल नीट समजावयाची, तर वाचनखूण पोथींतून आंतरजालावर कशी गेली हें प्रथम पाहिलें पाहिजे.

दुसरें महायुद्ध संपत आलें असतां, १९४५ सालच्या जुलै महिन्यांत, व्हॅनिव्हर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञानें 'अटलांटिक मंथली' या मासिकांत एक लेख लिहिला. युद्धकाळांत अमेरिकेंतील हजारों शास्त्रज्ञांच्या कामाची व्यवस्था याच गृहस्थाकडे होती. संशोधन इतकें वाढलें कीं, एकानें शोधून काढलेली गोष्ट दुसऱ्याला सांपडेनाशी झाली, ही त्याची तक्रार होती. त्यावर त्यानें एका काल्पनिक यंत्राचा उपाय सुचविला व त्याला 'मेमेक्स' असें नांव दिलें. मेजासारखें हें यंत्र असावें, त्यांत सूक्ष्मचित्रफितींवर ग्रंथ साठविलेले असावे, आणि वाचणारानें एका पानापासून दुसऱ्या पानापर्यंत स्वतःची पायवाट आंखून ठेवावी. आखूड तुर्की धनुष्य लांब इंग्रजी धनुष्यापेक्षां सरस कां ठरलें, याचा अभ्यास करणारा एक वाचक त्यानें उदाहरणादाखल घेतला. हा वाचक आपली आंखलेली पायवाट मित्राच्या यंत्रासाठीं काढून देतो, असें बुशनें लिहिलें आहे. तें यंत्र प्रत्यक्षांत कधीं झालें नाहीं. परंतु आपली खूण दुसऱ्याच्या हातीं द्यावी, ही कल्पना त्या लेखांत स्पष्ट आहे.

ती प्रत्यक्षांत यावयास जवळजवळ साठ वर्षें लागलीं. १९९३ सालीं इलिनॉय विद्यापीठांत 'मोझेक' हा ब्राउझर तयार झाला. आवडलेल्या पानांचे पत्ते नोंदून ठेवण्याची सोय त्यांत होती. १९९४ मध्यें निघालेल्या नेटस्केपच्या ब्राउझरनें या नोंदींना वाचनखुणा, म्हणजे 'बुकमार्क', हें ग्रंथालयांतलें नांव दिलें आणि तेंच रूढ झालें. परंतु ही खूण ज्या यंत्रावर ठेवली त्याच यंत्रावर राही. कचेरींत ठेवलेली खूण घरीं मिळत नसे, आणि शेजारच्याला तर तिचा पत्ताहि नसे.

जोशुआ शाक्टर नांवाचा एक तरुण न्यूयॉर्कच्या मॉर्गन स्टॅन्ली या पेढींत कामाला होता. तो स्वतःसाठीं दुव्यांची एक लांबलचक यादी ठेवीत असे, व प्रत्येक दुव्यापुढें एखाददुसरा शब्द लिहून ठेवी. या खाजगी संवयीला त्यानें २००३ सालीं सार्वजनिक रूप दिलें. त्याच्या सेवेचें नांव 'डिलिशस'. तिची रीत अगदीं साधी होती. वाचकाला एखादें पान आवडलें, तर त्यानें ब्राउझरमधील एक कळ दाबावी. पानाचा पत्ता व शीर्षक आपोआप नोंदलें जाई. वाचकानें दोन ओळींचें टिपण व कांहीं टॅग, म्हणजे विषय ओळखण्याचे शब्द, स्वतः लिहावे. ही यादी कोणत्याहि यंत्रावरून पाहतां येई. आणि मुख्य गोष्ट म्हणजे ती इतरांनाहि दिसे. एकच पान आणखी किती जणांनीं नोंदलें आहे, त्यांनीं त्याला कोणते शब्द लावले आहेत, आणि त्याच विषयावर त्यांना दुसरें काय सांपडलें आहे, हें सर्व एका दृष्टिक्षेपांत कळूं लागलें.

ग्रंथांची वर्गवारी करणें हें तोंपर्यंत तज्ज्ञांचें काम होतें. मेल्विल ड्यूईनें १८७६ सालीं आपली दशांश पद्धति प्रसिद्ध केली, डॉ. शि. रा. रंगनाथन् यांनीं १९३३ सालीं आपली द्विबिंदु पद्धति मांडली. आणि मराठींत शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि अपार कष्टानें सिद्ध केली. दात्यांच्या सूचींतील प्रत्येक नोंदीमागें एका विद्वानाची तपासणी उभी आहे. डिलिशसमध्यें तसा तपासनीस नव्हता. जो वाचेल त्यानें आपल्याला सुचेल तो शब्द लावावा, एवढाच नियम. टॉमस व्हँडर वॉल यानें २००४ सालीं या लोकांनीं केलेल्या वर्गवारीला 'फोक्सॉनॉमी' असें नांव दिलें. या स्वैर रीतींतून गोंधळ माजेल असेंच कोणासहि वाटलें असतें. परंतु स्कॉट गोल्डर व बर्नार्डो ह्यूबरमन या दोघांनीं डिलिशसवरील नोंदींचा अभ्यास केला, तेव्हां एक नवल आढळलें. एखादें पान सुमारें शंभर जणांनीं नोंदलें, म्हणजे त्याला लावलेल्या शब्दांचें परस्परप्रमाण जवळजवळ कायम होतें. पुढें कितीहि लोक आले तरी तें फारसें बदलत नाहीं. परस्परांशीं बोलणें न होतांहि अनोळखी माणसांचें एकमत होऊं शकतें, असा याचा अर्थ.

अर्थात् या रीतींत उणीवा होत्याच. रोमन लिपींत चिंचवड हें नांव एक जण डब्ल्यू घालून लिहितो, तर दुसरा व्ही घालून. तिसरा तें देवनागरींत लिहितो. चौथा नुसतें पुणें लिहून मोकळा होतो. यंत्राच्या लेखीं हीं चार निरनिराळीं गांवें. तरीहि या यादींत एक सद्गुण होता. प्रत्येक जण नोंद करी ती स्वतःला पुन्हां सांपडावें म्हणून. दुसऱ्यावर छाप पाडावी म्हणून नव्हे. विहिरीवर पाणी भरतांना दोर ओढून ओढून काठाच्या दगडाला घळ पडते, आणि त्या घळीवरून कोणत्या बाजूचें पाणी लोक नेतात हें परक्याला कळतें. त्याच प्रकारें एकेका वाचकाच्या खाजगी सोयींतून सर्वांच्या उपयोगाची वाट तयार झाली. २००५ च्या डिसेंबरांत याहू कंपनीनें ही सेवा विकत घेतली. २००८ च्या अखेरीस तिचे सुमारें ५३ लक्ष सभासद होते, व १८ कोटी निरनिराळे पत्ते तिच्यांत नोंदलेले होते, असें तिच्या चालकांनीं सांगितलें.

दरम्यान तशाच धर्तीच्या दुसऱ्या सेवाहि निघाल्या. २००४ सालीं 'डिग' निघाली, २००५ सालीं 'रेडिट'. यांत वाचक दुवा आणून ठेवी व बाकीचे त्यावर मत देत. ज्याला मतें अधिक तो वर चढे. 'स्टंबलअपॉन' ही सेवा वाचकाची आवड ओळखून एकामागून एक अनपेक्षित पानें त्याच्यापुढें मांडी. डिगच्या पहिल्या पानावर एखादा दुवा झळकला, कीं त्या संकेतस्थळाकडे एकाएकीं इतकी झुंबड उडे कीं, लहान संकेतस्थळें तिच्या भारानें बंद पडत. जेथें एवढी गर्दी जमते, तेथें फेरीवाला आल्यावांचून कसा राहील?

व्यापारी या सेवांकडे वळला तो दोन हेतूंनीं. पहिला हेतु सरळ होता: आपलें पान चार लोकांच्या दृष्टीस पडावें. यांत आक्षेपार्ह असें कांहीं नाहीं. दुसरा हेतु अधिक खोल होता, व तो समजण्यास शोधयंत्राची रीत ठाऊक असली पाहिजे. लॅरी पेज व सर्गे ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठांतील दोघां विद्यार्थ्यांनीं १९९८ सालीं आपली पद्धति प्रसिद्ध केली. तिचें सार असें कीं, एखाद्या पानाकडे किती दुवे येतात, व ते येतात त्या पानांची स्वतःची पत किती, यावरून त्या पानाचें महत्त्व ठरवावें. परगांवचा मनुष्य चांगल्या वैद्याची चौकशी करूं लागला, तर तो हेंच करतो. दहा जण ज्याचें नांव घेतात त्याच्याकडे तो जातो; आणि त्या दहांत शाळेचे हेडमास्तर असले, तर त्या नांवाला अधिक वजन देतो. ही रीत शहाणपणाची आहे. मात्र नांव घेणारांनीं तें मनापासून घेतलें पाहिजे, ही तिची अट आहे. वाचनखुणांच्या सेवांमध्यें कोणालाहि फुकट दुवा ठेवतां येत होता. तेव्हां साक्ष देणारे लोक मिळविण्याऐवजीं साक्षीच तयार कराव्या, ही युक्ति बाजाराला सुचली.

मग तिचा रीतसर धंदाच झाला. शेंदोनशें सेवांची एक यादी करावयाची. प्रत्येक सेवेंत निरनिराळ्या नांवांनीं सभासद व्हावयाचें. गिऱ्हाइकाच्या पानाचा पत्ता त्या प्रत्येक ठिकाणीं चिकटवावयाचा. वर्णन तेंच, फक्त त्यांतील शब्द मागेंपुढें करावयाचे, म्हणजे यंत्राला नक्कल ओळखूं येऊं नये. शेवटीं लावलेल्या सर्व दुव्यांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या हातीं ठेवावयाचा व दाम घ्यावयाचे. कांहीं ठिकाणीं हें काम माणसें करीत, कांहीं ठिकाणीं त्यासाठीं लिहिलेले प्रोग्रॅम करीत. भारतांतील अनेक शहरांत नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलामुलींना आंतरजालावरील जाहिरातीच्या धंद्यांत पहिलें काम मिळे तें हेंच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यांनीं न वाचलेल्या पानांना वाचनखुणा लावाव्या! पोथींत पिंपळपान ठेवणाऱ्या हाताला पान वाचल्याचें समाधान तरी होतें. या बोटांच्या वांट्याला तेंहि आलें नाहीं.

याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. खोट्या साक्षी वाढल्या, तेव्हां न्यायाधीशानें साक्षी ऐकणें सोडून दिलें. २००५ च्या जानेवारींत गूगल, याहू व मायक्रोसॉफ्ट या तिन्ही शोधयंत्रांनीं 'नोफॉलो' ही खूण मान्य केली. दुव्यावर ती असली, तर महत्त्व ठरवितांना तो दुवा जमेस धरावयाचा नाहीं, असें ठरलें. आणि जेथें कोणीहि येऊन दुवा ठेवूं शके अशा अनेक ठिकाणीं ती हळूहळू लागूं झाली. म्हणजे दुवा दिसावयाचा, पण मोजला जावयाचा नाहीं. पुढें २४ एप्रिल २०१२ रोजीं गूगलनें 'पेंग्विन' नांवाचा बदल अमलांत आणला, आणि विकत घेतलेल्या किंवा कृत्रिम रीतीनें पेरलेल्या दुव्यांच्या जोरावर वर चढलेलीं संकेतस्थळें एकदम खालीं घसरलीं. गूगलच्या नियमांत निषिद्ध प्रकारांची जी यादी आहे, तींत हलक्या प्रतीच्या वाचनखूण-सेवांवरील दुव्यांचा स्पष्ट नांवानिशीं उल्लेख आहे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, नको असलेले दुवे नाकारल्याचें कळविण्याची सोय गूगलला करून द्यावी लागली. ज्यांनीं पूर्वीं पैसे देऊन दुवे लावून घेतले होते, त्यांपैकीं कित्येक आतां ते काढून टाकण्यासाठीं पुन्हां पैसे मोजूं लागले.

सर्वांत अधिक नुकसान झालें तें मात्र व्यापाऱ्याचें नव्हे, वाचकाचें. ज्या याद्या विश्वासानें चाळाव्या त्यांत कचरा वाढला. एवढ्या एकाच कारणानें या सेवा बुडाल्या असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. लोकांचें दुवे देणेंघेणें फेसबुक व ट्विटरकडे गेलें; संगणकाची जागा खिशांतल्या फोननें घेतली; आणि मोठ्या कंपन्यांनीं विकत घेतलेल्या सेवांकडे पुढें लक्ष दिलें नाहीं. डिलिशस बंद होणार अशी वार्ता २०१० च्या डिसेंबरांत फुटली, व २०११ सालीं याहूनें ती विकून टाकली. मालक बदलत बदलत २०१७ सालीं ती 'पिनबोर्ड' या वर्गणीवर चालणाऱ्या लहान सेवेच्या हातीं आली, व तींत नवी नोंद करणें बंद झालें. डिगनें २०१० च्या ऑगस्टमध्यें आपलें रूप बदललें, तेव्हां रुसलेले वाचक घोळक्यानें रेडिटकडे गेले. स्टंबलअपॉन ३० जून २०१८ रोजीं बंद पडली. पुढें वाचावयासाठीं लेख साठवून ठेवणारी 'पॉकेट' ही सेवा २००७ पासून चालू होती. तीहि ८ जुलै २०२५ रोजीं बंद झाली. प्रत्येक वेळीं लक्षावधि वाचकांना आपल्या वर्षांनुवर्षांच्या खुणा उचलून दुसरीकडे नेण्याची धांवपळ करावी लागली. ज्यांना वेळेवर कळलें नाहीं, त्यांच्या खुणा गेल्या.

आतां पुन्हां काळेवाडीकडे वळावें. तेथील एका खानावळीची कल्पना करावी. ती चालविणारी बाई पहांटे उठून कणीक मळते व हिंजवडीस कामाला जाणाऱ्या मुलांचे डबे भरते. तिचें गिऱ्हाईक फार तर दोनतीन मैलांच्या टापूंत आहे: थेरगांव, रहाटणी, वाकड, पिंपरी. तिच्या पानाला परदेशांतील दोनशें ओसाड संकेतस्थळांवर दुवे लावले, तर त्यांतून एक तरी डबा वाढेल काय? तो पैसा डाळतांदुळाच्या उधारींतून आलेला असतो, हें विकणारा जाणत नाहीं. उलट नकाशावर खानावळीची जागा अचूक नोंदलेली असणें, जेवणाच्या वेळा व दर पानावर स्पष्ट लिहिलेले असणें, चातुर्मासांत कांदालसूण न घातलेला डबा मिळतो कीं नाहीं हें सांगितलेलें असणें, आणि जेवून तृप्त झालेल्या चार मुलांनीं आपल्या इमारतींतल्या व्हॉट्सॲपच्या गटांत आपखुषीनें तिचें नांव घेणें, यांतली प्रत्येक गोष्ट त्या दोनशें दुव्यांहून मोलाची आहे. फॅब्रिकेशनवाल्याचेंहि तसेंच. त्यानें केलेल्या जिन्याचें व खिडकीच्या जाळीचें छायाचित्र कोणी घर बांधणारा गृहस्थ 'पिंटरेस्ट'वर स्वतःसाठीं जपून ठेवतो, तेव्हां ती खूण खरी असते. २०१० पासून चालू असलेली ही सेवा चित्रांच्या वाचनखुणांचीच आहे, व अशा कामाला ती उपयोगी पडते. मात्र तेथेंहि छायाचित्र स्वतःच्याच कामाचें हवें.

मग व्यापाऱ्यानें स्वतः कांहींच बोलूं नये काय? तसें मुळींच नाहीं. याचें उत्तर महाराष्ट्रांतील एका जुन्या उदाहरणांत सांपडतें. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर खपेना. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, व १९२० सालीं तेथून शंकरराव किर्लोस्करांनीं 'किर्लोस्कर खबर' हें मासिक काढलें. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांना व्हावी हा त्याचा मूळ हेतु. आणि तो त्यांनीं लपविला नाहीं, कारखान्याचें नांवच मासिकाच्या कपाळावर होतें. परंतु शंकररावांनीं वाचकाला वाचण्याजोगें कांहीं देण्याचा हट्ट धरला. पाहतां पाहतां नांगराशीं कांहीं संबंध नसलेलीं घरेंहि त्या मासिकाची वाट पाहूं लागलीं. तेंच पुढें 'किर्लोस्कर' मासिक झालें. १९३० सालीं 'स्त्री' व १९३४ सालीं 'मनोहर' हीं त्याचीं भावंडें निघालीं. आणि महाराष्ट्राच्या सामाजिक विचारावर या तिघांचा ठसा उमटला. या मासिकाचे अंक लोकांनीं घरोघरीं बांधून ठेवले. वाचकानें आपण होऊन जपून ठेवावें असें कांहीं देणें, हीच जाहिरातीची परमावधि होय. आणि आंतरजालावरील वाचनखुणेचा खरा व्यापारी उपयोगहि एवढाच आहे.

त्यांतून व्यवहाराचे नियम सहज निघतात. ज्याला सांगावयासारखें ज्ञान आहे, त्यानें तें पानावर लिहावें. गंज न लागणारा दरवाजा कसा ओळखावा, भट्टींतून काढलेलें पोलाद कशानें फुटतें, दहावीच्या मुलाला बीजगणित कोठें अडतें, हें काळेवाडीचा कारागीर व शिक्षक जितकें सांगूं शकेल, तितकें मुंबईची जाहिरात-कंपनी सांगूं शकणार नाहीं. तें पान जेथें त्या विषयाचे वाचक जमतात तेथें एकदां, स्वतःच्या नांवानें, हें माझें आहे असें सांगून ठेवावें. इतरांच्या चांगल्या पानांनाहि खुणा लावाव्या; जो फक्त स्वतःचीच थोरवी सांगतो त्याच्या यादीकडे कोणी फिरकत नाहीं. आणि दुसऱ्याच्या नांवानें स्वतःची शिफारस कदापि करूं नये.

ही शेवटची गोष्ट आतां नुसत्या सभ्यतेची राहिलेली नाहीं. भारतीय जाहिरात मानक परिषदेनें २०२१ सालीं असा दंडक घातला कीं, समाजमाध्यमांवर मोबदला घेऊन शिफारस करणारानें ती जाहिरात आहे हें स्पष्ट लिहावें. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें २०२२ च्या जूनमध्यें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीं मार्गदर्शक नियम काढले. आणि त्याच वर्षीं भारतीय मानक ब्यूरोनें ग्राहकांच्या अभिप्रायांसाठीं १९००० या क्रमांकाचें मानक प्रसिद्ध केलें. अभिप्राय देणारा मनुष्य खरा आहे कीं नाहीं, हें तपासण्याची रीत त्यांत सांगितली आहे. पैसे देऊन आणलेली शिफारस आणि मनापासून आलेली शिफारस यांत भेद केला पाहिजे, हें तत्त्व आतां देशाच्या व्यवहारांत मान्य झालें आहे.

सुशिक्षित घरांनाहि या हकीकतींतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी कीं, आपल्या खुणा परक्याच्या कपाटांत ठेवल्या, तर कपाटाचा मालक दुकान बंद करील त्या दिवशीं त्या जातात. बहुतेक सेवांमध्यें आपली यादी उतरवून घेण्याची सोय असते. ती वर्षांतून एकदां तरी वापरावी, आणि जो लेख फार महत्त्वाचा वाटला त्याचा नुसता पत्ता न ठेवतां प्रतच काढून ठेवावी. खूण लावतांना ती कां लावली हें एका ओळींत लिहावें. दहा वर्षांनीं तीच ओळ उपयोगी पडते. दुसरी गोष्ट अशी कीं, इमारतींतल्या गटांत एखाद्या वैद्याचें, शिकवणीचें किंवा सुताराचें नांव पुढें पाठवितांना प्रत्येक गृहस्थ व गृहिणी एक साक्षच देत असते. स्वतः अनुभव न घेतां, कोणीतरी पाठविलें म्हणून पुढें ढकललेलें नांव, आणि पैसे घेऊन लावलेली वाचनखूण, यांत ऐकणाराच्या दृष्टीनें फारसा भेद उरत नाहीं. फसतो तो दोन्हीकडे तोच: ज्यानें विश्वास ठेवला तो.

शोधयंत्रें बदलतील, सेवा निघतील व बुडतील, आणि आज जी युक्ति फळते ती उद्यां दंडास पात्र होईल. काळेवाडीची खानावळवाली मात्र उद्यांहि पहांटे उठून कणीक मळणार आहे, आणि तिचा डबा चांगला असेल तर तो खाणारा कोणीतरी दुसऱ्याला सांगणार आहे. त्या सांगण्याची किंमत टिकावी असें ज्याला वाटतें, त्यानें वाचल्याखेरीज खूण लावूं नये व चाखल्याखेरीज नांव घेऊं नये. पोथींतल्या पिंपळपानावर अनोळखी माणसाचाहि विश्वास बसतो, कारण तें ठेवणाऱ्यानें तें पान खरोखर वाचलें होतें.